स्टेशनकडची बाजू

११ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आणि फोटो मिळाला. फोटोत तुमचा दादा दहा-अकरा वर्षांचा असेल. तुम्ही त्याच्या पाठीमागे लपलेल्या, नुसता एक कान दिसतोय तुमचा. तेव्हापासूनच तुम्ही त्याच्या पाठीशी, असं म्हणून मी हसले. फोटो शिलाई मशीनच्या वरच्या फळीवर ठेवला आहे.

त्याला जाऊन चार महिने झाले. लोक आता रस्त्यात थांबवून खालच्या आवाजात बोलत नाहीत. सरळ दुकानात येतात, पँटची उंची कमी करायला देतात आणि गुरुवारपर्यंत हवी म्हणून दटावतात. मला तेच बरं वाटतं.

मागल्या शनिवारी पायवाट समितीचे सेक्रेटरी घरी आले होते. ते रिटायर्ड पोस्टमास्तर, बोलताना टेबलावर शिक्के मारल्यासारखा हात आपटतात, तेच. त्यांना पिवळ्या रंगाचा डबा हवा होता. तुमचा दादा दर ऑक्टोबरात पायवाटेच्या खुणा रंगवायचा, यंदा ते काम राहिलं, आता पुढच्या हिवाळ्याआधी दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ म्हणाले. डबा मागच्या खोलीत होता. झाकण उघडलेलंसुद्धा नव्हतं.

ते डबा घेऊन गेले आणि मी तिथेच बसून राहिले. त्या दिवशी सगळे मला म्हणाले होते की तो खुणांच्या कामावर असताना गेला, आवडीचं काम करता करता गेला. मीही मान हलवली होती. पण रंग घरी ठेवून कुणी रंगवायला जातं का?

मग दवाखान्यातून मिळालेली त्याची पिशवी मी चार महिन्यांनी उघडली. दोन शर्ट, दाढीचं सामान आणि तो तारेचा ब्रश, जो त्याच्यापाशी घराच्या किल्ल्यांसारखा कायम असायचा. तो सापडला माळावरच्या खडकापाशी. तिथून स्टेशन अर्ध्या तासावर आहे.

शेवटच्या दिवसांत त्यानं तुम्हाला काही कळवलं होतं का? विचारीन विचारीन म्हणत इतके दिवस काढले, म्हणून आता सरळ विचारते.

तुमची वहिनी


१९ फेब्रुवारी

वहिनी,

कान माझा नाही, शेजारच्या मांजराचा आहे. मी झाडावर होते, फोटोत आलेच नाही. असं आपलं मी तुला सांगते, कारण त्या फोटोत मी रडत होते आणि दादानं मला मुद्दाम मागे लपवलं होतं.

नाही गं, मला काही कळवलं नव्हतं. तुला माहीत आहे तो पत्र कसं लिहायचा. दोन ओळी, त्यातली एक हवामानाची.

शर्टांचं म्हणशील तर तो लहानपणापासून फार घामाचा. चालायला निघाला की बदलायला एक शर्ट बरोबर घ्यायचाच. चढ लागला की मागे राहायचा, आणि वर पोचल्यावर बघावं तर हा कोरडा शर्ट घालून, केस विंचरून, जणू काही खालून चालत आलाच नाही. आम्ही त्याला ‘नवरदेव’ म्हणायचो. दोन शर्ट घेतले म्हणजे वयानं घाम वाढला असेल.

आणि डब्याचा एवढा विचार करू नकोस. कामावरच होता असं सगळे म्हणतात, तर असेल. तो कुठे होता हे आता कळून काय होणार? तू मशीनवर फार वेळ बसतेस, त्यानं माणसाच्या डोक्यात असलं काहीबाही येतं. आमच्या दातांच्या दवाखान्यातही बघते ना मी, रिसेप्शनवर बसून बसून मलाच कधी कधी न दुखणारी दाढ दुखते.

उन्हाळ्यात चार दिवस माझ्याकडे ये. खोली रिकामीच आहे.

तुझी,
मांजर


९ मार्च

वन्सं,

घामाचं पटलं. दाढीच्या ब्रशालाही घाम येतो का, तेवढं कळवा.

रागावू नका. तुम्ही माझं मन राखायला लिहिलंत, हे मला समजतं. पण मन राखण्याचे दिवस गेले, म्हणून मी स्वतःच बघायला गेले. रविवारी पायवाटेनं चालून आले. होय, मी. एकवीस वर्षांच्या संसारात जी एकदाही गेली नाही, ती.

तुम्हाला वाट पाठ आहे, मी पहिल्यांदा पाहिली म्हणून सांगते. लाकडाच्या वखारीमागे त्यानंच रंगवलेली पाटी आहे: ‘गोल पायवाट. अकरा किलोमीटर. मध्यम.’ त्या ‘मध्यम’वरून समितीच्या दोन बैठका झाल्या होत्या. बाकीच्यांचं म्हणणं ‘सोपी’ लिहा, माणसं येतील. हा एकटा अडून बसला की सोपी लिहिलं तर माणूस चपला घालून येतो. मला दर रविवारी म्हणायचा, चल, मध्यम आहे, तुला झेपेल. मी म्हणायचे, मला सहा पँटी दुमडायच्या आहेत. पुढे पुढे तो विचारेना झाला, आणि सुटले एकदाची, असं मला वाटलं. हे आज लिहिताना बरं वाटत नाही.

वखारीमागून लगेच जंगल लागतं. पायाखाली इतका पाला की आपलं पाऊल आपल्याला ऐकू येत नाही. खोडांवर तळहाताएवढे पिवळे आयत. वन्सं, त्या खुणा बघताना मला तो जितका कळला तितका घरात कधी कळला नव्हता. चालता चालता आपण चुकलो की काय असं मनात यायला लागतं, आणि नेमकी तेव्हाच पुढच्या झाडावर खूण दिसते. पंधरा-वीस वेळा असं झालं. एकदाही खूण उशिरा आली नाही आणि एकदाही उगाच आली नाही. मला चक्क राग आला. परक्या माणसाच्या मनात शंका कुठल्या वळणावर येईल हे ज्याला कळायचं, त्याला जेवणाच्या टेबलावर समोर बसलेल्या बायकोचं काही कळू नये?

दीड तास चढ. तीनदा बसले. मग झाडं एकदम संपतात आणि माळ लागतो. नुसती गुडघ्याएवढी खुरटी, करडी झुडपं, आणि वारा. वारा इतका की डोक्यावरचा रुमाल हातात धरून चालावं लागलं. तिथे झाडं नाहीत म्हणून खुणा लाकडी खांबांवर. खांबामागून खांब बघत मी खडकापर्यंत गेले. खडक बसायला बरा आहे, पाठ टेकायलाही बरा आहे. मी बसले, आणि बराच वेळ उठले नाही.

आता मुद्द्याचं. वखारीपासून खडकापर्यंत एकाही खुणेला नवा हात लागलेला नाही. सगळा रंग जुना, उन्हानं उतरलेला. म्हणजे तो काम करत नव्हता. तो गावातून निघाला, जंगल चढून माळावर आला आणि स्टेशनकडे चालला होता. दोन शर्ट आणि दाढीचं सामान घेऊन.

का, तेही सांगते. दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. सप्टेंबरच्या शेवटी समितीची माणसं आमच्याकडे चहाला आली होती. सेक्रेटरींनी त्याला विचारलं, सध्या काय काम चाललंय? मशीनवर छापलेले बोर्ड आल्यापासून पाटी रंगवून घेणारं कुणी उरलं नाही, हे साऱ्या गावाला माहीत आहे, त्यांनी सहज विचारलं. मी चहा ओतत होते. मीच उत्तर दिलं:

“काम कसलं? भिंती कुणी देत नाही, म्हणून झाडं रंगवतो.”

सगळे हसले. तोही हसला. मग तो अकरा दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि बाराव्या दिवशी गेला.

खडकाच्या पुढे स्टेशनकडे मला जाववेना. आल्या वाटेनं परत फिरले. सेक्रेटरी म्हणाले, गोल वाटेवरून कुणी परत फिरत नाही. मी म्हटलं, मी फिरते.

मला खरं सांगा. तो मला सोडून तुमच्याकडे निघाला होता का?

तुमची वहिनी


२४ एप्रिल

वहिनी,

सहा आठवडे झाले. दर रविवारी उत्तर लिहायला बसायचे आणि सोमवारी दवाखान्यातलं एखादं कपाट आवरायला काढायचे. इतका नीटनेटका दातांचा दवाखाना आता शहरात दुसरा नसेल. डॉक्टरांना वाटतं मला पगारवाढ हवी आहे.

हो. तो माझ्याकडे निघाला होता.

तुझं ते वाक्य मला माहीत होतं. त्यानं पत्रात लिहिलं होतं, जसंच्या तसं, आणि खाली हवामानाची एक ओळ. मी वाचलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुला एक गोष्ट कधी कळली नाही, किंवा मी कळू दिली नाही. आमच्या वडिलांनी आम्हा दोघांना ती वाट दाखवली तेव्हा मी सहा वर्षांची होते, दादा आठ. वडील गेल्यावर खुणांचं काम त्यानं घेतलं, कारण मी शिकायला इकडे आले होते. तो झाडं रंगवतो त्याला हसणं म्हणजे मला आमच्या वडिलांना हसणं वाटलं. मी त्याच दिवशी उत्तर लिहिलं. ये निघून. इथे खोली रिकामी आहे आणि भिंतीही पुष्कळ आहेत. तुला तिथे कोण विचारतं?

हे शेवटचं वाक्य मी लिहायला नको होतं.

त्याचं कार्ड आलं. ‘गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो.’ हवामानाबद्दल काही नव्हतं. मी रजा घेतली. खोलीत चादर घातली, त्याच्यासाठी टेबल खिडकीपाशी ओढलं. तुमच्याकडची दहा-वीसची गाडी इथे सव्वा वाजता येते. मी एकपासून प्लॅटफॉर्मवर उभी होते. त्या गाडीनं तो आला नाही. मग पुढची पाहिली, मग त्याच्या पुढची. शेवटी चिडून घरी आले. त्यालाही मनातल्या मनात नाही नाही ते बोलले. घरात शिरते तोच फोन वाजला, आणि फोनवर तू होतीस.

तुला मी फेब्रुवारीत खोटं लिहिलं, ते तुझं मन राखायला नव्हे. मी बोलावलं नसतं तर तो त्या दिवशी माळावर गेलाच नसता, हे तुझ्या तोंडून ऐकायची मला भीती वाटत होती. दवाखान्यात खुर्चीत तोंड वासून पडलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. मला कुणीतरी तसं बसवायला हवं होतं.

आता तू काय म्हणशील ते म्हण.

तुझी नणंद


६ मे

वन्सं,

पत्र आल्यावर दोन दिवस मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडले. तुम्ही हरलात. तिसऱ्या दिवशी मशीनवर बसले तेव्हा सारखा तो प्लॅटफॉर्म दिसायला लागला. तुम्ही उभ्या आहात आणि गाडीतून भलतीच माणसं उतरताहेत. मग भांडण पुढे चालेना. तुम्ही बोलावलंत म्हणून तो गेला असं मी म्हणणार नाही. बोलावणं यावं अशी वेळ मी आणली होती.

कळायचं ते कळलं. एकवीस वर्षांनंतर माणूस पिशवी भरून निघाला. आता मला कुणी काही सांगायला नको.

पण एक वाटलं. त्याला स्टेशनपर्यंत पोचता आलं नाही, तर खडकापासून पुढची त्याची उरलेली वाट निदान मी चालून यावी. गेल्या रविवारी पुन्हा गेले. या वेळी दोनदाच बसले. जंगल चढून माळावर आले, खडकापाशी थांबले नाही, तशीच पुढे चालत राहिले. पुढेही खांब आहेत, खांबांवर त्याच्या जुन्या पिवळ्या खुणा आहेत. अर्ध्या तासात स्टेशन आलं. स्टेशन कसलं, एक बाक आणि एक पत्रा. बाकावर बसून पोळी खाल्ली. एक गाडी आली आणि गेली. कुणी चढलं नाही.

तिथून ओढ्याच्या बाजूनं पुढे गेलं की गोल पुरा होतो, हे मला माहीत आहे. पण ती बाजू मला अनोळखी, आणि ढग खाली उतरायला लागले होते. म्हणून मी पुन्हा परत फिरले. सेक्रेटरींना सांगू नका. आणि मग माझी पाचावर धारण बसली. येताना ज्या खांबांवर मी खुणा बघत आले होते, त्यांच्यावर आता एकही खूण नव्हती. पहिला खांब कोरा, दुसरा कोरा, तिसराही कोरा. धुकं इतकं की पुढचा खांब दिसेपर्यंत मागचा नाहीसा व्हायचा. मला वाटलं डोकं फिरलं आपलं. मग एका खांबाला वळसा घालून पाहिलं, तेव्हा उजेड पडला. खांबाला दोन्ही बाजूंनी खुणा असतात. गावाकडून येणाऱ्याला दिसेल ती एक, स्टेशनकडून येणाऱ्याला दिसेल ती दुसरी. गावाकडच्या बाजूच्या सगळ्या जागच्या जागी आहेत. स्टेशनकडच्या बाजूच्या कुणीतरी खरवडून काढल्यात, पार खालचं लाकूड दिसेपर्यंत. एक-एक खांब मोजत चालले, नाहीतर हरवलेच असते. सोळा खांब. सोळावा अगदी खडकाजवळचा, तो अर्धाच सोडलाय. वरचं निम्मं खरवडलेलं, खालचं निम्मं पिवळं. खडक ओलांडल्यावर पुढे सगळ्या खुणा व्यवस्थित होत्या, म्हणून घरी पोचले.

सेक्रेटरींना विचारलं. ते म्हणाले, समितीतल्या कुणी अजून ब्रशही उचललेला नाही. तुमचा दादा गेला त्याच्या आधीच्या रविवारी ते स्वतः स्टेशनकडून चालत आले होते आणि तेव्हा प्रत्येक खूण जागेवर होती. नंतर हिवाळाभर त्या बाजूनं कुणी आलं नसणार, कारण सगळे वखारीकडूनच निघतात. ते जाऊन बघून आले. खरवडलेलं लाकूड पुन्हा करडं पडलंय, म्हणजे पाच-सहा महिने तरी झाले असतील, असं त्यांचं मत. गावातल्या टवाळ पोरांचं काम, म्हणून टेबलावर दोनदा हात आपटला.

त्यानं जन्मभर जपलेल्या खुणा, आणि तो जातो न जातो तोच कुणीतरी नासून टाकाव्यात. मी त्याला जे बोलले ते कमी होतं म्हणून हे. तुम्हाला नाही तर कुणाला सांगू?

तुमची वहिनी


२० मे

वहिनी,

हे पत्र चार दिवस लिहून पर्समध्ये पडलं आहे. आज टाकते. आधी नीट बसून वाच.

ते पोरांचं काम नाही. तू जुना टाका न उसवता त्याच्यावर नवा घालतेस का? खुणांचंही तसंच. जुन्या, पोपडे आलेल्या रंगावर नवा रंग धरत नाही. म्हणून आमचे वडील आधी एक दिवस नुसता तारेचा ब्रश घेऊन निघायचे आणि जुनी खूण लाकडापर्यंत खरवडायचे. मग लाकूड वाळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी रंग. पहिल्या दिवशी डबा न्यायचाच नाही, उगाच ओझं. आणि दोन्ही बाजू एका फेरीत करायच्या नाहीत. चालणाऱ्याला समोर जे दिसतं तेवढंच करायचं, म्हणजे त्याच्या डोळ्यांनी वाट दिसते. एका फेरीत एक बाजू, उलट्या फेरीत दुसरी. मी सहा वर्षांची असल्यापासून हे पाहिलं आहे. सेक्रेटरींना ठाऊक नसेल, ते आपले पाट्यांच्या बैठका घेणारे. दादा हे काम एकट्यानं करायचा.

म्हणजे ते सोळा खांब दादानंच केले आहेत. आधीच्या रविवारी त्यांच्यावर खुणा होत्या आणि गुरुवारी तो गेला. सोमवारपासून बुधवारपर्यंत तो माळावर गेला होता का, ते तुला माहीत असेल. मला तरी वाटत नाही, कारण सोळावा अर्धा आहे. दादानं कुठलंही काम अर्धं टाकलेलं तू पाहिलं आहेस? सोळावा करताना त्याला बरं वाटेना झालं आणि तो खडकापाशी जाऊन बसला.

आता बाजू लक्षात घे. खरवडलेल्या खुणा स्टेशनकडच्या आहेत, आणि स्टेशनजवळच्या पहिल्या खांबापासून खडकापर्यंत आहेत. तो गावातून जंगल चढून आला असता तर खडकाच्या पुढचा एकही खांब त्याच्या हाताला लागला नसता. तो डांबरी रस्त्यानं आधी स्टेशनवर गेला असणार. तिथे गाडी आली. ती दहा-वीसला सुटते. एका खुणेला दहा-बारा मिनिटं लागतात, सोळा खुणांना तीन तास. डॉक्टर तुला म्हणाले होते दीड-दोनच्या सुमाराला गेला. म्हणजे गाडी गेल्या गेल्या त्यानं पिशवीतून ब्रश काढला आणि पहिल्या खांबापासून सुरुवात केली. त्याचं तोंड खडकाकडे होतं. खडकाच्या पुढे जंगल, जंगलाखाली वखार, आणि वखारीपलीकडे तुमचं घर.

तो तुला सोडून निघाला होता हे खरं. पण स्टेशनवर तो गाडीत चढला नाही. तो सापडला तेव्हा तो घरी येत होता, वहिनी.

चार दिवस पत्र का ठेवलं, तेही सांगते, नाहीतर पुन्हा खोटं होईल. त्या दिवशी मी इथे तीन गाड्या पाहिल्या. त्यानं तिथे एक पाहिली आणि सोडून दिली. हे तुला न सांगता मला सहज राहता आलं असतं. तुमचा संशय पोरांवर होताच. तुला कधी कळलं नसतं, आणि दादा जन्मभर माझ्याकडे निघालेलाच राहिला असता. सात महिने मी मनाशी हेच धरून होते की शेवटी तो माझ्याकडे येत होता. वाईट काय वाटायचं ते वाटायचं, पण रात्री झोप लागायची ती ह्याच्यावर.

मी त्याला लिहिलं होतं, तुला तिथे कोण विचारतं. त्याचं उत्तर मला तुझ्या पत्रातून मिळालं.

खिडकीपाशी ओढलेलं ते टेबल आज मी परत भिंतीला लावलं.

तुझी नणंद


२७ मे

वन्सं,

तुमचं पत्र दुकानात आलं. वाचायला लागले आणि अर्ध्यावर शटर खाली ओढून घेतलं. बाहेर एक बाई जाकिटाची चेन घेऊन ताटकळत होती, ती दार वाजवून वाजवून गेली.

सोमवार ते बुधवार तो माळावर गेला नव्हता. तीन दिवस पाऊस होता आणि तो मागच्या खोलीत बसून होता. मला पक्कं आठवतं, कारण मी दाराबाहेरून सारखी जात-येत होते आणि आत जात नव्हते.

त्याच्या अंगावरचा कोट मी तो गेल्यावर त्याच आठवड्यात धुतला होता. बाहीच्या दुमडीतून पिवळा चुरा निघाला, पाणी पिवळं झालं. मी बादली मोरीत ओतली आणि कोट झटकून वाळत घातला. पाहुणे येणार होते, घाई होती. मला काय ठाऊक मी काय ओतून देत होते.

तुम्ही हे मला सांगितलं नसतं तर चाललं असतं. कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. सांगितलंत, आणि त्यासाठी तुमच्याजवळ होतं ते तुम्ही सोडून दिलंत. मला याचे आभार मानता येत नाहीत. मी आजवर तुमच्याशी अंतर ठेवून वागले. तुम्हाला वन्सं म्हणते तेसुद्धा लग्नाच्या वेळी चिडवायला सुरू केलं होतं. आता दुसरं काही म्हणायला जीभ वळणार नाही, पण आता चिडवत नाही, एवढं समजा.

सेक्रेटरींकडून डबा परत आणला आहे. त्यांना म्हटलं, उरलेलं काम आम्ही घरची माणसं करू. जूनमध्ये या. रीत तुम्हाला माहीत आहे आणि मला सरळ रेघ मारता येते. स्टेशनकडून सुरू करू, आणि या वेळी मी मधूनच परत फिरणार नाही.

एक सांगायचं राहिलं. सोळावा पुरा करून तो तसाच चालत राहिला असता तर साडेतीन-चारला घरी पोचला असता. दारात पाऊल टाकताच मी त्याची माफी मागितली असती, असं लिहायला बसले होते. पण तुम्ही खरं लिहिलंत, तर मीही लिहिते. मागितली नसती. मशीनवरून मान वर न करता म्हटलं असतं, बूट बाहेर काढ. त्यानं बाहेर काढले असते. मग आत येऊन त्यानं विचारलं असतं, चहा आहे का. एवढ्यात आमचं मिटलं असतं.

तुमची वहिनी